लोणारला मिठागर का नाही? खाऱ्या तळ्यांच्या पाण्याची गोष्ट



पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. फळ्यावर लिहिलं, 'लोणार – खाऱ्या पाण्याचे सरोवर'. तेवढं लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे वळणारच होते, इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पाणी खारं आहे तर तिथे मिठागर का नाही?"

ज्यांना गास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, वसई तालुक्यातलं हे गाव. एका बाजूला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरांची सखल जमीन. इथल्या मुलाला खारं पाणी म्हणजे मीठ, हे शिकवावं लागत नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे आजोबा मिठागरात कामाला होते. त्याच्या दृष्टीने प्रश्न अगदी सरळ होता.

आणि मी? मी मूळची बुलढाणा जिल्ह्यातली, मेहकर तालुक्यातली. लोणार आमच्या शेजारचं. शाळेच्या सहलीला गेलो होतो, तळ्याच्या काठाचं पाणी हाताला लावलं तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण मिठागर का नाही, हे मला सांगता आलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं. आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की या 'उद्या सांगते'चा अर्थ नेहमी उद्याच असतो असं नाही. मला तर उत्तर जुळवायला तीन आठवडे लागले. ते उत्तर इथे मांडते आहे, सोबत वर्गात करण्यासारखा एक प्रयोगही आहे.

आधी हे ठरवू की 'खारं' म्हणजे काय

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. समुद्राचं पाणी खारं, पापडखारही खार. पण जिभेला विचारा, दोन्हींची चव एक नाही. समुद्राच्या खारेपणात मुख्य वाटा साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. पापडखाराचा खारेपणा सोड्याचा, म्हणजे सोडियमच्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा. पहिला खारट, दुसरा तुरट-कडवट आणि हाताला बुळबुळीत.

लोणारच्या पाण्यात दोन्ही आहेत. साधं मीठही आहे, पण त्या पाण्याचा स्वभाव ठरतो तो सोड्यामुळे. म्हणून शास्त्रज्ञ त्याला नुसतं 'खारं' न म्हणता सोडा-सरोवर म्हणतात. त्याचा सामू १० च्या वर जातो. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास असतो. आता १० आणि ८ यांत फरक फक्त दोनाचा, असं मुलं लगेच म्हणतील. पण सामूची एक पायरी म्हणजे दहा पट. दोन पायऱ्या म्हणजे शंभर पट. म्हणजे अल्कधर्मीपणात लोणार समुद्राच्या सुमारे शंभर पट पुढे आहे. एरवी साधे मासे अशा पाण्यात टिकत नाहीत. उलट स्पायरुलिनासारखी सूक्ष्म हिरवी जीवसृष्टी तिथे माजते, आणि तळं वर्षातला बराच काळ हिरवं दिसतं ते तिच्यामुळेच.

तर मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की लोणारला 'मिठागर' होतं! फक्त ते सोड्याचं होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार साचायचा, लोक तो गोळा करायचे, आणि त्याच्या प्रतीप्रमाणे दल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'तही या भागात काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. काच आणि साबण या दोन्हींना सोडा लागतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही हे मीठ जेवणातलं नाही, हे माहीत होतं.

समुद्र नाही, तरी खार आला कुठून?

लोणारपासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर. तळं समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवर. तिथे समुद्राचं पाणी जमिनीखालून पोचणं शक्यच नाही. (मला लहानपणी एका मोठ्या माणसाने हेच कारण सांगितलं होतं, आणि मी ते बरीच वर्षं खरं मानलं.)

लोणारचा खड्डा उल्कापाताने झाला. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली दीडशे मीटरच्या आसपास. तो कधी झाला यावर दोन आकडे वाचायला मिळतात. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. आपल्या पाठासाठी मात्र वयापेक्षा आकार महत्त्वाचा आहे. तो एक वाडगा आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही.

आत येणारं पाणी गोडं आहे, हे मुलांना सांगितलं की ती चमकतात. काठावर गोमुखाची धार बारा महिने वाहते, ते पाणी पिण्यासारखं. पावसाळ्यात ओढे येतात, तेही गोडे. मग गोड्या पाण्याने भरलेलं तळं खारं कसं?

कारण 'गोडं' म्हणजे 'काहीच नसलेलं' नव्हे. पाऊस पडतो तेव्हा हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि काळ्या पाषाणाला, बेसॉल्टला, हळूहळू खातं. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात येतात. जिभेला कळणार नाहीत इतके थोडे. पण मग ऊन पडतं. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. पुढच्या वर्षी आणखी पाणी, आणखी थोडे क्षार. मी मुलांना पासबुकाचं उदाहरण दिलं. पाण्याचं पासबुक आणि क्षारांचं पासबुक वेगळं. पाण्याच्या पासबुकात जमाही आहे आणि खर्चही. क्षारांच्या पासबुकात जवळजवळ फक्त जमा. एका बादलीत अर्धा ग्रॅम क्षार असेल आणि अशा शंभर बादल्या आटवून एकच बादली उरवली, तर त्या एका बादलीत पन्नास ग्रॅम. चौथीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे.

एवढं ठीक. पण त्यातून सोडाच का उरला, मीठ का नाही? इथे मी अडले होते, आणि उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरात.

बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. त्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं. मग आई काय करते? चिमूटभर सोडा घालते, डाळ शिजते. सोड्यातलं कार्बोनेट कॅल्शियमला पकडतं आणि दोघं मिळून चुनखडी होऊन बाजूला बसतात. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच हा.

तळ्यातही पाणी आटू लागलं की सर्वात आधी हीच जोडी जुळते. वर्गात मी फुगडी घालायला लावली. काही मुलं 'कॅल्शियम', काही 'कार्बोनेट'. एकाने दुसऱ्याचा हात धरायचा आणि खाली बसायचं. बसले म्हणजे चुनखडी होऊन तळाशी गेले. आता उभं कोण राहिलं? ज्यांची संख्या जास्त होती ते! पहिल्या खेपेला मी कार्बोनेटची मुलं जास्त ठेवली. कॅल्शियम संपलं, कार्बोनेट उरलं, त्याला सोबतीला राहिला सोडियम. झाला सोडा. हे लोणार. दुसऱ्या खेपेला कॅल्शियम जास्त ठेवलं. कार्बोनेट संपलं, कॅल्शियम उरलं. हा समुद्र. त्या उरलेल्या कॅल्शियमची जोडी पुढे सल्फेटशी जुळते आणि जिप्सम बसतं, आणि पाणी साधारण दहावा हिस्सा उरलं की मग साधं मीठ धरू लागतं.

तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "म्हणून मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात." अगदी बरोबर. उधाणाच्या भरतीचं पाणी आधी मोठ्या खाजणात घ्यायचं, मग एकेका वाफ्यातून पुढे सरकवत आटवायचं. नको असलेले क्षार आधीच्या वाफ्यांत बसतात आणि मीठ शेवटच्या वाफ्यात धरतं. त्याच्या आजोबांना 'कॅल्शियम' हा शब्द माहीत नसेल, पण कोणतं पाणी कधी पुढे सोडायचं हे त्यांना माहीत होतं. वर्गात त्या दिवशी तो बाकाच्या कडेला नाही, मधोमध बसला होता.

हळदीचा प्रयोग

हे सगळं तोंडी सांगून सोडायचं नाही. साहित्य घरातलंच आहे. हळद पाण्यात कालवून चित्रकलेच्या कागदावर लावा, वाळवा, पट्ट्या कापा. तीन पेल्यांत पाणी घ्या. एकात मीठ, दुसऱ्यात खाण्याचा सोडा, तिसऱ्यात धुण्याचा सोडा. प्रत्येकात पट्टी बुडवा.

मिठाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते, कितीही मीठ घाला. धुण्याच्या सोड्यात ती लालभडक होते. (पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. कुंकूसुद्धा पूर्वी हळदीला खार लावूनच करत.) म्हणजे दोन्ही पाणी खारी, पण हळदीने एकाला ओळखलं, दुसऱ्याला नाही. लोणारच्या पाण्यात ही पट्टी लाल होते, समुद्राच्या पाण्यात होत नाही.

खरी गंमत खाण्याच्या सोड्यात आहे. त्यात पट्टी जेमतेम नारिंगी होते, मुलं म्हणतात 'बाई, नाही झालं'. आता तेच पाणी पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळा, गार होऊ द्या आणि नवी पट्टी बुडवा. आता लाल! आपण काहीच घातलं नाही, फक्त उकळलं. उकळताना बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट उरतं, जे जास्त तीव्र असतं. लोणारमध्ये येणाऱ्या पाण्यात असतं बायकार्बोनेट, आणि तळ्यात आटून-आटून त्याचं कार्बोनेट होत जातं. आपण दहा मिनिटांत पातेल्यात जे केलं, ते तिथे उन्हाने वर्षानुवर्षे केलं आहे.

सूचना : उकळण्याचं काम शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतः करा, आणि धुण्याच्या सोड्याचे हात डोळ्यांना लागू देऊ नका. आमच्याकडे एकाने पट्टी चाटून बघितली होती, म्हणून सांगते.

तळं बदलतं कसं

आपण पाठ्यपुस्तकात 'खाऱ्या पाण्याचे सरोवर' असं लिहितो तेव्हा ते कायमचं तसंच आहे, असं मुलांना वाटतं. मलाही वाटत होतं. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, आईचा फोन आला, "अगं, लोणारचं पाणी गुलाबी झालंय." मला वाटलं, व्हॉट्सॲपवरची गोष्ट असणार. पण उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसलं. मेच्या अखेरीस हिरवं असलेलं तळं १० जूनच्या छायाचित्रात गुलाबी होतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसह काही संस्थांकडे गेले.

उत्तर असं मिळालं की पाण्यात क्षार वाढल्यावर क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले होते. त्यांच्या अंगात गुलाबी-लाल रंगद्रव्य असतं. पाण्याची पातळी खाली गेली, ऊन कडक, क्षार दाट झाले, हिरव्यांना ते सोसलं नाही आणि गुलाबी वाढले. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. मिठागराच्या शेवटच्या दाट वाफ्यांतही कधी कधी लालसर झाक येते, तिच्यामागे याच जातकुळीचे जीव असतात. म्हणजे गुलाबी रंग हा चमत्कार नव्हता, आणि कोणी काही मिसळलंही नव्हतं. तळ्याने आपल्या क्षारांचा आकडा रंगाने लिहून दाखवला होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना पाठ असतंच.

असं याआधीही झालं आहे, आणि त्याची नोंद तळ्याच्या गाळात आहे. शास्त्रज्ञांनी तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात जवळपास ११ हजार वर्षांचे थर आहेत. त्यातल्या दोन भागांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. हे खनिज सोड्याचं पाणी फार आटलं, फार दाट झालं, तरच बनतं. पहिला काळ आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे या दोन्ही काळांत इथला पावसाळा दीर्घकाळ कमजोर होता. लोणारचं दैत्यसूदन मंदिर आणि तळ्याकाठची जुनी मंदिरं या दुसऱ्या काळातली. लवणासुराला विष्णूने मारलं आणि लोणार झालं, ही कथा आपण सांगतो. तळ्यात लवण भरपूर जाणवत होतं, तेव्हाचं गाव ते. कथा आणि गाळ यांचा थेट संबंध लावायचं धाडस मी करणार नाही, पण मुलांना दोन्ही शेजारी ठेवून सांगायला मजा येते.

आता उलटी बाजू. तळं फार आटलं तर काळजी, तसंच फार भरलं तरी काळजी. मोठ्यांना हे पटवायला वेळ लागतो. 'पाणी वाढलं, चांगलंच की!' गावाचं सांडपाणी तळ्यात जाऊ नये म्हणून कोर्टात कितीतरी वर्षं प्रकरण चाललं. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी वाढल्याच्या बातम्याही आल्या. गोडं पाणी जास्त आलं की सोडा पातळ होतो, सामू उतरतो, आणि ज्या जीवांना फक्त त्या तीव्र पाण्यातच राहता येतं, त्यांची जागा साधे जीव घेतात. लोणारचं वेगळेपण त्याच्या पाण्याच्या 'वाईटपणात' आहे. ते पाणी चांगलं झालं, तर लोणार एक साधा तलाव होईल.

हे नुसतं अनुमान नाही. आफ्रिकेत घडताना दिसतं आहे. आपण भूगोलात खचदरी शिकतो. जमिनीला समांतर भेगा पडतात आणि मधला भाग खाली बसतो. नर्मदा अशाच दरीतून वाहते. पूर्व आफ्रिकेत अशी प्रचंड लांबीची खचदरी आहे, आणि केनिया-टांझानियाच्या भागात तिच्या तळाशी तळ्यांची माळ आहे. खडक ज्वालामुखीचे, ऊन कडक, बऱ्याच तळ्यांना बाहेर वाट नाही. लोणारसारखीच परिस्थिती, म्हणून लोणारसारखीच सोड्याची तळी. टांझानियातलं नेट्रॉन, केनियातलं मगादी ही त्यांतली नावाजलेली. मगादीतून सोड्याचे थर काढतात आणि जगभर पाठवतात. तो कारखाना आज आपल्याच टाटा केमिकल्सच्या मालकीचा आहे. म्हणजे लोणारचं दल्ला-पापडीचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

त्याच माळेत नैवाशा नावाचं तळं आहे. तेच ऊन, तीच दरी, वर कुठे बाहेर जाणारी नदीही दिसत नाही, तरी पाणी गोडं! मुलांना विचारा, कसं? उत्तर पासबुकात आहे. नैवाशाच्या तळाशी जमिनीखालून पाणी झिरपून बाहेर जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. वरून न दिसणारा खर्च. एवढ्या एका कारणाने एक तळं गोडं आणि शेजारचं खारं.

आणि नाकुरू. हे सोड्याचं तळं लाखो रोहित पक्ष्यांसाठी, फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध होतं. ते पक्षी खातात सोड्याच्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. साधारण २०१० नंतर खचदरीतल्या बऱ्याच तळ्यांची पातळी चढू लागली, नाकुरूचं पाणी काठ सोडून राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापर्यंत आलं. पाणी पातळ झालं, शेवाळ कमी झालं, आणि पक्ष्यांचे थवे बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे गेले. पाणी वाढल्यामुळे पक्षी उपाशी, हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मुलांनी दोन दिवस पुसू दिलं नाही.

आणि आमच्या मावशींची विहीर

मी हे सगळं तीन आठवडे वाचत बसले, त्याला दुसरंही कारण होतं. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या मावशींची वाडी आहे. केळी, थोडी भाजी, दोन-चार पानवेली. पूर्वी ज्या विहिरीवर सगळी वाडी पोसली, तिचं पाणी आता एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. केळीच्या पानांच्या कडा करपतात. मावशींनी एक दिवस सहज विचारलं, "बाय, तुझ्या लोणारासारखं होईल काय आमच्या विहिरीचं?"

त्यांना मी सांगितलं ते असं. लोणारचं आणि इथलं दुखणं वेगळं आहे. लोणारला खार आटून आला. इथे तो बाजूने आणि खालून येतो, समुद्रातून आणि खाडीतून. हळदीची पट्टी इथे काहीच सांगणार नाही, कारण हे साधं मीठ आहे.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, पाण्यावर तेल तरंगतं तसं. गोडं पाणी हलकं असतं, पण अगदी थोडं. म्हणून हिशोब असा पडतो की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली साधारण चाळीस मीटर गोड्या पाण्याचा थर टिकतो. हे ऐकायला छान वाटतं. आता उलटं वाचा. उपसा करून वरची पातळी एक मीटरने उतरवली, की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर येऊ शकतं. जमीन प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्याने आकडा तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा हीच. वर एक वीत गमावली की खाली कितीतरी पुरुष गमावतो.

वसईत हे लोकांनी फार आधी ओळखलं. विहिरींचं पाणी टँकर भरभरून वाडीबाहेर जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने आंदोलन उभं केलं होतं. त्या काळच्या गोष्टी मावशी अजून सांगतात.

आणि त्याहून जुनं शहाणपण म्हणजे बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी : वाडीतला छोटा तलाव म्हणजे बावखल. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींची पातळी धरून ठेवतं. मी आधी त्याला नुसता डबका समजत होते, कबूल करते. वरच्या हिशोबाने बघितलं तर बावखल म्हणजे खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवणारं वजन आहे. ते बुजवून त्यावर चाळ उभी केली की मुरणारं पाणी थांबतं, आणि त्या चाळीला पाणी पुरवायला उपसा वाढतो. दोन्ही बाजूंनी मार. मग पावसात सनसिटी-गास रस्ता पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात त्याच भागात टँकर फिरतो, याचं आश्चर्य कशाला?

मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र लोणारपेक्षा बरं आहे. लोणारच्या वाडग्याला तळाशी खर्चाची वाट नाही. इथे आहे. चांगला पाऊस मुरला, उपसा आवरला, तर गोडं पाणी खाऱ्याला परत समुद्राकडे ढकलतं. वेळ लागतो, एका पावसाळ्यात होत नाही. पण वाट बंद नाही. मावशींच्या वाडीच्या कोपऱ्यातलं बावखल पालापाचोळ्याने भरलं होतं, ते त्यांच्या मुलाने या जानेवारीत साफ करायला घेतलं.

वर्गात आम्ही एक वही सुरू केली आहे. ज्यांच्या घरी विहीर आहे त्या मुलांनी महिन्यातून एकदा बाटलीभर पाणी आणायचं. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्या दादांकडे असतो तसा पेनासारखा टीडीएस मीटर आम्ही वर्गणीतून घेतला, तो बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सोबत विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी किती हात खाली आहे, तेही लिहायचं (हे काम मोठ्या माणसासोबतच). मीटर साधं मीठ आणि चुनखडीचे क्षार वेगळे करून सांगत नाही, हे मुलांना आधीच बजावलं आहे. पण एकाच विहिरीचा आकडा महिन्यागणिक कसा सरकतो, ते चांगलं कळतं. तुमचं गाव किनाऱ्यापासून लांब असेल तरी हे करून बघा. मराठवाडा-विदर्भातल्या बोअरचे आकडे बघून तुम्हालाच धक्का बसेल.

ता. क. : लोणारला कमळजा देवीच्या मंदिराजवळ एक विहीर आहे, तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. गोड्या झऱ्यांचं आणि खाऱ्या तळ्याचं पाणी जिथे जवळ येतं, तिथली ती जागा. मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "गोड कुठली बाजू, सासूची का सुनेची?" वर्गातही पहिला प्रश्न हाच आला. यावर मी अजून 'उद्या सांगते' वरच आहे.